सही करण्याआधी गटात या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचता यावं म्हणून, इथे देत आहोत.)



अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या सीआरपी ताई, बँक सखी, आणि सकाळची कामं आटोपून, कुणी लेकरू काखेत घेऊन, कुणी अर्धा रोज बुडवून आलेल्या माझ्या मावश्या, काकू आणि तायांनो,

आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘बचत आणि कर्जफेड’ असा विषय होता. अध्यक्षताईंना विचारून मी तो बदलून घेतलाय. आज मला एका कागदाबद्दल बोलायचं आहे. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ती सही मी करायला नको होती.

२०२४ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, सोयाबीन मळणीची घाई. आपल्याच एका गटातली ताई मळणी मशीनवर रोजाने जात होती. तिचं नाव मी सांगणार नाही, पण तिला विचारूनच हे बोलते आहे. वय चाळीस. संध्याकाळी आभाळ भरून आलं. ‘पाऊस यायच्या आत ढीग संपवा’ म्हणून सगळ्यांची धांदल. सोयाबीन आत ढकलताना तिचा उजवा हात ओढला गेला. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं, बाकीची तीन बोटं गेली.

दवाखान्यात नेताना गाडीतच तिच्या नवऱ्याला सांगण्यात आलं, “घरी कडबाकुट्टीत हात गेला म्हणून सांगा, नाहीतर पोलिसांचं लफडं मागे लागेल.” माणूस घाबरलेला. त्याने तसंच सांगितलं, आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं.

महिन्याभराने पारावर बैठक बसली. मशीनचा मालक, गावातली चार जाणती माणसं आणि ताईचा नवरा. ठरलं असं, की दवाखान्याचं बिल मालकाने भरलंच आहे, वर पंचवीस हजार द्यायचे आणि ‘यापुढे माझी कसलीही मागणी नाही’ असं ताईने लिहून द्यायचं. कुणीतरी म्हणालं, “चूक तिचीच ना, लक्ष नको का द्यायला?” कागद लिहायला मला बोलावलं, कारण शिकलेली पोरगी आहे, अक्षर चांगलं आहे.

मी लिहिला. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. कामगार कायद्याचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. पण त्या दिवशी मला वाटलं, भांडण मिटतंय, घरात चार पैसे येताहेत, बरंच झालं. ताईच्या उजव्या हाताला पट्टी होती. म्हणून तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला. ही बाई गटात आल्यावर सही शिकली होती. पहिल्यांदा सही करून तिने पासबुक सगळ्यांना दाखवलं होतं. त्याच बाईचा अंगठा मी कागदावर घेतला आणि खाली माझी सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं शिबिर होतं. तिथे एका वकील मॅडमना मी हा किस्सा सांगितला. त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. तो मी आज तुमच्यासमोर मांडते. आपण सगळ्या व्याजाचा हिशेब करतो, हाही जमेल.

कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्या देशात १९२३ सालचा आहे. शंभर वर्षं जुना. त्यात कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के कमी झाली याचा तक्ता आहे. एका हाताची तीन बोटं म्हणजे ३० टक्के. वयाचाही तक्ता आहे. चाळिसाव्या वर्षाचा आकडा १८४.१७. तिची महिन्याची मजुरी दहा हजार धरू. कायमच्या अपंगत्वासाठी मजुरीच्या ६० टक्के धरतात, म्हणजे ६,०००. त्याला १८४.१७ ने गुणा. येतात ११ लाख ५ हजार २०. त्याचे ३० टक्के किती? ३ लाख ३१ हजार ५०६.

आणि मी पंचवीस हजारांच्या कागदावर सही करून आले होते.

मॅडमनी आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या पदराला गाठ मारून ठेवा. ‘चूक तिचीच’ असं म्हणून मालकाची सुटका होत नाही. दारू पिऊन काम केलं किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, असं काही असेल तरच त्याला नाही म्हणता येतं, आणि मृत्यू झाला किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाही. रोजंदारीची बाई असली तरी हक्क आहे. शेतीत ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर काम करणारे मजूरही त्यात येतात. मुकादमाने किंवा ठेकेदाराने कामाला नेलं असेल आणि तो हात वर करून मोकळा झाला, तरी ज्याचं मूळ काम आहे त्याच्याकडे मागता येतं. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ‘मला भरपाई नको’ असं मजुराने लिहून दिलं तरी कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किंमत नाही. मागणी करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते.

त्याच पावसाळ्यात आम्ही अर्ज दाखल केला. आता तारखा चालू आहेत. केसपेपरवर ‘घरी कडबाकुट्टीत’ लिहिलेलं आहे, ते आमच्या पायातलं सगळ्यात मोठं ओझं झालंय. त्या दिवशी तिच्यासोबत मशीनवर असलेल्या तीन जणी साक्ष द्यायला तयार आहेत, त्यांच्या जोरावर आम्ही उभ्या आहोत. निकाल काय लागेल ते मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मशीनचा मालकही काही मोठा सावकार नाही, हे मला माहीत आहे. कर्ज काढून मशीन घेतलेला माणूस आहे. त्याला बुडवायचं नाहीये. मशीनचा हप्ता भरतो तसा मजुरांचा विमा त्याने आधीच उतरवायला हवा होता, म्हणजे भरपाई विमा कंपनीने दिली असती. मशीन गावात येतं तेव्हाच ‘विमा आहे का’ हे विचारायची सवय आपणच लावली पाहिजे.

तायांनो, इथपर्यंत मी गावातल्या कपातीबद्दल बोलले. आता सरकार दरबारी होणाऱ्या कपातीबद्दल बोलते. पारावरची कपात निदान आपल्या डोळ्यासमोर होते. सरकारी कपातीची दवंडी कुणी पिटत नाही.

पहिली कपात आहे न वाढवण्याची. मघाचा हिशेब आठवा. त्यात मजुरी धरतात, पण कितीही मजुरी असली तरी एका मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. २०१० साली ती ८,००० केली. पुढची दहा वर्षं ती तिथेच राहिली. जानेवारी २०२० मध्ये १५,००० केली, आणि मग पाच वर्षं उलटून गेली तरी तिथेच. जानेवारी २०२० मध्ये तेलाचा डबा काय भावाने आणला होता, आठवून बघा. गवंड्याची हजेरी काय होती, आठवून बघा.

समजा आपल्यातल्या एका बाईचा नवरा चाळीस वर्षांचा गवंडी आहे. महिन्याला चोवीस हजार कमावतो. कामावर पडून तो गेला. मृत्यूच्या भरपाईत मजुरीच्या निम्मे धरतात. खऱ्या मजुरीने हिशेब केला तर २२ लाख १० हजार ४० रुपये येतात. पण मर्यादा १५,००० ची, म्हणून हातात पडतात १३ लाख ८१ हजार २७५. मधले ८ लाख २८ हजार कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. कुणी कात्री लावली नाही. फक्त आकडा होता तिथेच राहू दिला. आपल्या गटाने दहा वर्षांपूर्वीची बचत आजही तेवढीच ठेवली तर आपणच म्हणू ना, की यात काही राम नाही? भरपाईचं तसंच आहे. जी रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी कापली जाते.

दुसरी कपात आहे पेटीतला ओघ कमी होण्याची. बांधकाम कामगार मंडळ तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. भांड्यांच्या संचामुळे तर नक्कीच माहीत आहे! (हसू नका, माझ्या आईनेही रांग लावली होती.) पण कामावर अपघातात नोंदणी असलेला कामगार गेला तर त्याच मंडळाकडून घरच्यांना पाच लाख मिळतात, हे कितीजणींना माहीत होतं? हात वर करा. बघा, भांडी सगळ्यांना माहीत, पाच लाख चौघींना.

हा पैसा सरकारच्या तिजोरीतून दान म्हणून येत नाही. बांधकाम करणाऱ्याकडून खर्चाच्या एक टक्का उपकर घेतात, त्याचा हा निधी. देशभरातल्या मंडळांमध्ये कामगारांचा हा पैसा पडून राहतो आणि भलत्याच कामाला वापरला जातो, यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना कडक शब्दांत सुनावलं होतं. आता नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आली. २०२० ला मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी स्वतःला राहायला बांधलेलं घर दहा लाखांच्या आतलं असेल तर त्यावर उपकर नव्हता. आता ही सूट पन्नास लाखांपर्यंत गेली. घर बांधणाऱ्याला बरं वाटेल, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या तालुक्यात पन्नास लाखांच्या वरची घरं किती असतील? जेवढा उपकर कमी जमा होणार, तेवढी ती पेटी हलकी होणार. पडून हात मोडणारा मजूर मात्र त्याच छोट्या घराच्या परातीवर असतो, आणि विटा वाहणारी बाई पण.

त्याच संहितेत एक चांगली गोष्टही आहे, तीही सांगते. घरून कामाला जाताना किंवा कामावरून परत येताना झालेला अपघात, कामाशी संबंध जुळत असेल तर आता कामावरचाच धरला जातो. पिकअपमध्ये उभ्याने कोंबून जाणाऱ्या आपल्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

यासाठी कुणीतरी झगडलं, तेव्हा हे घडतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं उदाहरण आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीला जाताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. खालच्या न्यायालयाने भरपाई दिली, वरच्याने ती रद्द केली. त्याची बायको सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जुलै २०२५ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. बावीस वर्षं! बावीस वर्षं एका बाईने कागद सांभाळले. जाता-येतानाचा अपघातही कामाचाच मानता येतो, हे तिच्यामुळे जुन्या कायद्याखालच्या लोकांसाठीही पक्कं झालं.

तिसरी कपात आहे यादीतून वगळण्याची, आणि ती तर थेट आपल्या उंबऱ्याच्या आत आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. आधी हा विमा होता. विमा कंपन्या त्रुटी काढून दावे नाकारायच्या, म्हणून एप्रिल २०२३ पासून सरकार स्वतः पैसे देऊ लागलं. साप चावला, वीज पडली, विजेचा धक्का बसला, विहिरीत बुडाली, फवारणीत विषबाधा झाली, अशा अपघातात मृत्यू झाला तर दोन लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत.

चांगली योजना आहे. पण कुणासाठी? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती. ती कोण? आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी. आता मला सांगा, या यादीत कोण नाही?

बरोबर. सून नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर आहे, निंदणी, खुरपणी, वेचणी सून करते. साप चावला तर सुनेला काही नाही. आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही, जी दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते, त्या बाईचा तर इथे विषयच नाही. पैसा वाचवायचा असला की सरकारला योजना बंद करावी लागत नाही, यादी छोटी ठेवली की पुरतं.

मग आपण काय करायचं? मोठ्या गोष्टी बोलून मी खाली बसणार नाही. आपल्याला जमतील अशाच गोष्टी सांगते.

अपघात झाला की दवाखान्यात खरं सांगा. कुठे झाला, कुणाच्या कामावर झाला, कोणत्या मशीनवर झाला. केसपेपर लिहून झाल्यावर तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर सीआरपी ताईला फोन लावा. पहिल्या दिवशीचा एक शब्द पुढे लाखाचा असतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गटाच्या इतिवृत्त रजिस्टरला मागच्या बाजूने एक पान सोडा. कोण कुठे कामाला जाते, कुणाच्या मशीनवर, रोज किती, सोबत कोण, हे हंगामाच्या सुरुवातीला लिहून ठेवा. आपल्या बायकांच्या मजुरीची पावती नसते. उद्या मजुरी किती होती हे सांगायची वेळ आली तर हे पान कामाला येईल.

मे महिन्यात खात्यावर वीस रुपये शिल्लक ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता त्यातून कापला जातो, आणि एक जून ते एकतीस मे असं संरक्षण मिळतं. अपघाती मृत्यूला दोन लाख. पण हा विमा मिळाला म्हणून मालकाकडची भरपाई सोडायची नाही. दोन्ही वेगवेगळ्या आहेत. तीन बोटांना या विम्यात काहीच मिळत नाही, हे त्या ताईने अनुभवलंय.

ज्यांच्या नवऱ्याच्या नावावर जमीन आहे त्यांनी लक्ष्मीमुक्ती योजनेची चौकशी तलाठी कार्यालयात करा. नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर पैसे न भरता लागतं. घरी बोलायला जड जातं, माहीत आहे. दोघी-तिघी मिळून बोला.

वकिलाची फी कुठून आणायची, असं म्हणून थांबू नका. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे.

आणि शेवटचं काम सगळ्या प्रभागसंघाचं. आज या सभेत मी ठरावासाठी तीन मागण्या ठेवते. भरपाई मोजायची मजुरीची मर्यादा महागाईप्रमाणे दरवर्षी वाढवा. बांधकाम मंडळाच्या पेटीत जी तूट येईल ती सरकारने भरून काढावी, कामगाराची रक्कम कमी करू नये. आणि अपघात अनुदानाच्या यादीत सून आणि भूमिहीन मजूर बाई यांना घ्या. पहिली मागणी केंद्राकडे जाईल, म्हणून खासदारांना. बाकी राज्याकडे, म्हणून आमदारांना आणि तहसीलदारांमार्फत मंत्रालयाला. हाच ठराव प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत मांडायचा. एका बाईचा अर्ज टेबलावरून खाली पडतो. आपल्या सगळ्या गावांचे ठराव एकाच महिन्यात जाऊन पडले तर निदान कुणीतरी विचारेल, की या बायकांचं काय चाललंय?

मागच्या आठवड्यात मी त्या ताईकडे गेले होते. भाकरी आता लेक थापते. ताई डाव्या हाताने सही शिकते आहे. वहीची चार पानं भरली आहेत. मी म्हटलं, “ताई, माझं चुकलं.” ती म्हणाली, “तू एकटी कुठं व्हतीस, समदं गाव बसलं व्हतं. पन गट नव्हता बग तिथं.”

तिचं खरं आहे. त्या दिवशी पारावर सगळे होते, आपला गट नव्हता. म्हणून तुम्हाला सगळ्यांना एकच मागणं आहे. कुणी कितीही घाई करू दे, कितीही मोठा माणूस समोर बसू दे, अपघाताच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी गटात या. कागद एक दिवस थांबतो, त्याला काही होत नाही.

पुढच्या तारखेला मी आणि त्या तीन साक्षीदार मैत्रिणी जाणार आहोत. कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी साडेसातची एसटी आहे.